मिथुन उल्कावर्षावाचे मुक्कामी शिबिर : भंडारदरा परिसरातील एका रात्रीचे परीक्षण

उल्कावर्षाव पाहण्यासाठी पैसे भरून शिबिराला जावे का, हा प्रश्न दर डिसेंबरमध्ये विचारला जातो आणि तो रास्तही आहे, कारण उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही आणि आकाश सगळ्यांचेच असते. तरीही मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला घरी बसून जी गोष्ट मिळत नाही ती म्हणजे अंधार, आणि अशा शिबिराचे शुल्क आपण खरे तर त्या अंधारासाठीच भरत असतो. म्हणून जेवण, तंबू आणि दुर्बिणीचा आकार या बाबी दुय्यम मानून, आयोजकांनी किती अंधार दिला, तो किती वेळ राखला आणि तेवढा वेळ आपल्याला निवांत पडून आकाश पाहू दिले का, हे सर्वप्रथम तपासावे असे माझे मत आहे. १३ डिसेंबर २०२५ च्या शनिवारी रात्री, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे घाटमाथ्याच्या बाजूला असलेल्या एका वाडीच्या माळावर झालेल्या मुक्कामी शिबिराचे हे परीक्षण त्याच कसोटीवर लिहिले आहे. काही उणिवांविषयी स्पष्ट लिहायचे असल्याने आयोजकांचे नाव दिलेले नाही. परंतु या धर्तीची शिबिरे सह्याद्रीत आता ठिकठिकाणी होतात आणि येथे नोंदवलेल्या बहुतेक गोष्टी त्यांतल्या कोणत्याही शिबिराला लावून पाहता येतील.

आयोजकांनी निवडलेली रात्र उत्तम होती, हे आधी नोंदवतो. महाराष्ट्रातून पाहायचे झाल्यास मिथुन उल्कावर्षाव, म्हणजेच जेमिनिड, हाच वर्षातला सर्वांत भरवशाचा वर्षाव ठरतो. ऑगस्टमधला ययाति तारकासमूहातला पर्सिड वर्षाव जगभर अधिक गाजतो, पण तो आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो आणि घाटमाथ्यावर त्या दिवसांत ढगांखेरीज काही दिसत नाही. जानेवारीच्या सुरुवातीचा क्वाड्रंटिड वर्षाव जोरदार असला तरी त्याचा भर जेमतेम काही तासांचा असतो आणि ते तास आपल्या रात्रीत येतीलच असे नाही. मिथुन वर्षावाचे तसे नाही. डिसेंबरचे कोरडे आकाश, सुमारे तेरा तासांची रात्र आणि संध्याकाळी आठच्या आतच उगवणारा उगमबिंदू, म्हणजे उल्का आकाशातल्या ज्या जागेपासून निघाल्यासारख्या भासतात ती जागा, एवढ्या जमेच्या बाजू दुसऱ्या कोणत्याही वर्षावाला एकत्र लाभत नाहीत. २०२४ साली पौर्णिमा अगदी याच सुमारास आल्याने चांदण्यात निम्म्याहून अधिक उल्का बुडाल्या होत्या. या वर्षी मात्र वद्य पक्षातली कोर उत्तररात्री दोनच्या सुमारास कन्या राशीत उगवणार होती, म्हणजे तोवरची रात्र पूर्ण काळोखी होती. वर्षावाचा परमोच्च क्षण भारतीय वेळेनुसार १४ तारखेच्या दुपारी येत असल्यामुळे तो स्वतः आपल्या वाट्याला येणार नव्हता. परंतु मिथुन वर्षाव शिखराकडे हळूहळू चढतो आणि शिखर ओलांडले की झपाट्याने उतरतो, त्यामुळे आदली रात्र निवडणे हेच योग्य होते. शनिवार आला हा योगायोग, पण शिखर कधी आहे हे पाहून मग तारीख जाहीर केल्याचे आयोजकांच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिसत होते. अनेक शिबिरे केवळ सोयीचा शनिवार धरून चालतात, त्या मानाने ही काळजी मोलाची आहे.

माणशी शुल्क २,४०० रुपये होते. त्यात कसाऱ्याहून जीपने जाणे-येणे, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, तंबू आणि स्लीपिंग बॅग यांचा समावेश होता. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना थोडी सवलत होती आणि त्या सवलतीमुळेच पुढे एक अडचण उभी राहिली, तिच्याविषयी नंतर लिहितो.

माळाची निवड पाहता आयोजकांपैकी कोणीतरी तेथे आधी रात्र काढून पाहिली असावी असे वाटले. पूर्व आणि दक्षिण या दिशा पूर्ण मोकळ्या होत्या. उत्तरेला डोंगराची रांग होती, पण ध्रुवतारा तिच्या बराच वर दिसत होता. पश्चिमेला क्षितिजालगत मुंबईच्या बाजूची उजळ कड स्पष्ट जाणवत होती, तर वायव्येला घोटी-इगतपुरीकडचा फिकट उजेड होता. डोक्यावरचे आकाश मात्र चांगले काळे होते. मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच सर्वांना ठरावीक ताऱ्यांच्या त्रिकोणात किती तारे दिसतात हे मोजायला लावले आणि त्यावरून नुसत्या डोळ्यांना दिसणारा सर्वांत मंद तारा सुमारे ५.८ प्रतीचा असल्याचे ठरवले (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). बहुतेक शिबिरांत ही मोजणी होतच नाही. ‘इथे खूप तारे दिसतात’ असे म्हणणे आणि आकाशाची प्रत आकड्यात सांगणे यांत मोठा फरक आहे, आणि त्या आकड्यावाचून पुढच्या उल्कामोजणीला काही अर्थ उरत नाही.

अंधार राखण्याची व्यवस्था ही या शिबिराची सर्वांत जमेची बाजू आहे. डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सवय क्षणात मोडून टाकतो, हे सगळेच आयोजक सांगतात. येथे त्याप्रमाणे वागलेही जात होते. साडेनऊ वाजता सर्वांचे मोबाइल कापडी पिशव्यांत घालून ज्याच्या त्याच्या तंबूत ठेवायला सांगण्यात आले. स्वयंपाकाच्या छपरातल्या दिव्यावर लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर लावलेले होते. माळाच्या टोकाला असलेल्या दोन घरांच्या मालकांशी आधीच बोलून त्यांच्या अंगणातल्या दिव्यांवर गोणपाट टाकण्यात आले होते, आणि त्या घरातल्या मावशी साडेनऊच्या सुमारास स्वतः येऊन, “दिवा झाकलाय, आता बघा निवांत,” असे सांगून गेल्या. गावाला विश्वासात घेऊन केलेली ही व्यवस्था मला कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यामागे ओळखदेख आणि पाठपुरावा लागतो, तो पैसे टाकून मिळत नाही.

याच व्यवस्थेतली दोन भोके मात्र मोठी होती. पहिले म्हणजे स्वच्छतागृह. तेथे पांढरी ट्यूबलाइट होती, दार माळाच्या बाजूला उघडत होते आणि रात्रभरात जितक्या वेळा ते दार उघडले तितक्या वेळा जवळच्या रांगेत झोपलेल्यांचे डोळे दिपले. लाल कागदाचा आणखी एक तुकडा आणि दारावर जाड पडदा एवढ्यात काम भागले असते. दुसरे, आणि अधिक गंभीर, म्हणजे वाहनतळ. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना किती वाजेपर्यंत पोहोचावे याचे बंधन नव्हते आणि गाड्या लावण्याची जागा निरीक्षणाच्या माळाला लागूनच होती. अकराच्या सुमारास आलेल्या एका गाडीचे दिवे सरळ आमच्या अंगावर आले आणि पुढचा अर्धा तास मंद उल्का कोणालाच दिसल्या नाहीत. आयोजकांनी धावत जाऊन दिवे बंद करायला लावले हे खरे, पण धावण्याची वेळच येऊ नये अशी आखणी हवी होती. नऊनंतर येणाऱ्या गाड्या वाडीच्या अलीकडे थांबवून तेथून लोकांना चालत आणणे सहज शक्य होते.

मोजणीच्या सत्राविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण त्यासाठीच मी या शिबिराची शिफारस करतो. रात्री दहाला सर्वांना चटया, त्यांवर प्लास्टिकचा कागद आणि वर स्लीपिंग बॅग अशी अंथरुणे देण्यात आली. प्लास्टिकचा कागद अनावश्यक वाटेल, पण जलाशयाजवळच्या माळावर दहानंतर दव इतके पडते की तासाभरात चटई ओली होते. चार-चार जणांचे गट करून प्रत्येकाला आकाशाचा एक भाग नेमून दिला गेला, आणि तो देताना उगमबिंदूकडे टक लावून पाहू नका, त्यापासून थोडे बाजूचे आकाश पाहा, कारण उगमबिंदूजवळच्या उल्का आपल्याच रोखाने येत असल्याने आखूड दिसतात, हे नीट समजावण्यात आले. त्यानंतर प्रत्येकाच्या हातात एक पुडी ठेवण्यात आली. तिच्यात चिंचोके आणि बारीक खडे होते. दिसलेल्या उल्केची रेघ मागे वाढवत नेली असता ती पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याजवळ पोहोचत असेल तर चिंचोका, आणि दुसरीकडून कोठून तरी आलेली भटकी उल्का असेल तर खडा, डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजे, तेव्हा उजवा खिसा एका क्रमांक घातलेल्या पिशवीत रिकामा करायचा. कागद नाही, पेन नाही, दिवा नाही, नजर आकाशावरून हलत नाही, आणि स्पर्शानेच दोन प्रकार वेगळे राहतात. शेजारच्या माणसाने ओरडून दाखवलेली उल्का स्वतःला दिसली नसेल तर मोजायची नाही, हा नियमही काटेकोरपणे पाळला गेला. गटातल्या चौघांचे आकडे एकत्र मिळवून भलामोठा आकडा सांगण्याची जी वाईट प्रथा आहे, ती येथे नव्हती.

या पद्धतीत एकच उणीव आहे. उल्का किती तेजस्वी होती याची नोंद राहत नाही. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून ज्या नोंदी गोळा करते, त्यांत वेळ, आकाशाची प्रत आणि उल्कांची संख्या यांच्याबरोबर प्रत्येक उल्केच्या तेजस्वितेचीही अपेक्षा असते. नवख्या माणसाकडून हे सारे एकाच रात्रीत करून घेणे अवघड आहे हे मान्य आहे. पण ज्यांनी आधी असे निरीक्षण केले आहे अशा चार-पाच जणांचा वेगळा गट करून त्यांना छोटे ध्वनिमुद्रक दिले असते, तर या माळावरच्या नोंदी जगाच्या उपयोगी पडल्या असत्या. इतके चांगले आकाश आणि इतकी शिस्त हाताशी असताना ती संधी वाया जाऊ नये असे मनापासून वाटते.

आता जाहिरातीतल्या आकड्याविषयी. ‘तासाला १५० उल्का’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. हा आकडा खोटा नाही, पण तो झेडएचआर, म्हणजे आदर्श स्थितीत एका माणसाला तासाला दिसू शकणाऱ्या उल्का, या मापाचा आकडा आहे, आणि ते माप उगमबिंदू थेट डोक्यावर आहे व ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत असे गृहीत धरून काढलेले असते. भंडारदऱ्याहून रात्री दहाला उगमबिंदू क्षितिजावर सुमारे २८ अंश असतो, बाराला सुमारे ५३ अंश, आणि डोक्याजवळ तो पोहोचतो अडीचच्या सुमारास. ५.८ प्रतीच्या आकाशाखाली, मध्यरात्री, वर्षाव अगदी शिखरावर असला तरी एका माणसाला तासाला साठच्या आसपास उल्का दिसतील. त्याच क्षणी शहरात, जेथे चौथ्या प्रतीपलीकडचे तारे दिसत नाहीत तेथे, हा आकडा दहा-अकरावर येतो. आमच्या माळावर दहा ते साडेअकरा या सत्रात, गाडीच्या दिव्यांनी खाल्लेला वेळ वगळता, बहुतेकांच्या पिशव्यांत तासाला वीस ते तीस चिंचोके होते आणि शिखर अद्याप काही तास दूर असल्याचे लक्षात घेता हे अगदी अपेक्षित होते. मार्गदर्शकांनी हा सगळा हिशेब रात्रीच्या माहितीसत्रात प्रामाणिकपणे मांडलाही. मग जाहिरात करतानाच ‘काळोख्या माळावरून तासाला तीस ते साठ’ असे का छापू नये? तासाला साठ उल्का म्हणजे सरासरी मिनिटाला एक. ज्याने शहरातून कधीमधी एखादी उल्का पाहिली आहे त्याच्यासाठी ही चंगळ आहे आणि ती खरी सांगितली तरी लोक येतील.

माझी सर्वांत मोठी हरकत वेळापत्रकाला आहे. साडेसातला जेवण, साडेआठ ते पावणेदहा नुसत्या डोळ्यांनी आकाशाची ओळख, दहा ते साडेअकरा मोजणी, साडेअकरा ते एक दुर्बिणीतून दर्शन आणि मग झोप, असा क्रम होता. वर दिलेले अंश पुन्हा पाहिले तर यातली चूक ध्यानात येते. मध्यरात्र ते दोन हा काळ चंद्र नसलेला, उगमबिंदू उंच चढलेला, म्हणजे साऱ्या रात्रीतला सर्वांत समृद्ध काळ. आणि त्यातला निम्मा वेळ लोक आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीसमोर रांगेत उभे होते. दुर्बिणीला उल्कांसाठी काहीच उपयोग नसतो, तिच्यातून जेमतेम अंशभर आकाश दिसते. शिवाय दुर्बिणीचे मुख्य आकर्षण होते शनी, आणि साडेअकराला शनी पश्चिमेला मावळतीला टेकलेला होता. या वर्षी त्याची कडी जवळजवळ काठावरून दिसत असल्याने ग्रहाच्या दोन्ही बाजूंना निघालेली बारीक रेघ पाहण्याचा दुर्मीळ योग होता, पण क्षितिजाजवळच्या हवेच्या थरथरीत ती रेघ धड दिसतच नव्हती. हेच दर्शन साडेआठला ठेवले असते तर शनी चांगला उंचावर मिळाला असता आणि उगमबिंदू खाली असल्याने उल्कांचेही फारसे नुकसान झाले नसते. एक वाजता कार्यक्रम संपल्याचे जाहीर झाले तेव्हा बहुतेक मंडळी तंबूत गेली. आम्ही काही जण माळावरच पडून राहिलो आणि एक ते दोन या तासात जे पाहिले ते आधीच्या सत्राच्या जवळपास दुप्पट होते. झोपायला गेलेल्यांनी त्याच तासासाठी पैसे भरले होते.

संध्याकाळच्या वेळेचेही एक वैशिष्ट्य असते आणि त्याचा फायदा योगायोगाने सर्वांना मिळाला. उगमबिंदू नुकताच उगवलेला असताना येणाऱ्या उल्का वातावरणाला चाटून जातात. त्या संख्येने फार थोड्या, पण लांबच लांब आणि संथ असतात. जेवणाची ताटे हातात असतानाच अशी एक उल्का ईशान्येकडून निघाली, शर्मिष्ठेच्या खालून उत्तरेचे आकाश कापत पश्चिमेकडे गेली आणि विझण्यापूर्वी तिचे दोन तुकडे झालेले स्पष्ट दिसले. सगळा माळ एका क्षणी गप्प झाला आणि दुसऱ्या क्षणी ओरडला. मार्गदर्शकांनी लगेच ती अशी लांब का होती हे तेथेच, ताट हातात घेऊन, समजावून दिले.

मार्गदर्शकांचे ज्ञान आणि सांगण्याची हातोटी यांविषयी तक्रारीला जागा नाही. मिथुन वर्षावाचा जनक धूमकेतू नसून ३२०० फेथॉन हा लघुग्रह आहे, १९८३ साली आयरस या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तो सापडला, साधारण १.४ वर्षांत तो सूर्याभोवती फेरी पूर्ण करतो आणि त्या फेरीत बुधाच्याही आत, सूर्याच्या फार जवळ जाऊन येतो, हे सांगताना त्यांनी कोठेही गूढतेचा आव आणला नाही. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, सिंह राशीतल्या लिओनिड उल्कांच्या वेगाच्या हे निम्मेच आहे, आणि म्हणूनच मिथुन उल्का डोळ्याला सावकाश, पिवळसर आणि पाहायला सोप्या वाटतात, हा मुद्दा पुढे मोजणी करताना सर्वांना उपयोगी पडला. गुरू त्या रात्री मिथुन राशीतच, कॅस्टर आणि पोलक्स यांच्या शेजारी झळकत असल्यामुळे उगमबिंदू दाखवणेही सोपे झाले. हिरव्या लेसरचा वापर मात्र कमी हवा. ओळख सत्रात तो आवश्यक असतो. मोजणी चालू असताना, कोणीतरी विचारले म्हणून, तो पुन्हा पुन्हा आकाशात फिरवणे टाळायला हवे होते.

जेवणाविषयी थोडक्यात. पिठले, बाजरीची भाकरी, ठेचा आणि वाफाळता भात, सगळे ताजे आणि पोटभर. पहाटे चहा मिळाला, पण गरज होती ती रात्री बाराच्या चहाची. तंबू स्वच्छ होते, स्लीपिंग बॅगा तिथल्या थंडीला जेमतेम पुरतील अशा होत्या. कानटोपी, मोजे आणि घरचे एक जाड पांघरूण न्यावेच. ज्यांना गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास आहे अशा ज्येष्ठांसाठी मागे कलणाऱ्या चार-सहा खुर्च्या ठेवल्या तर त्यांनाही पूर्ण वेळ बसता येईल, सध्या ती सोय नाही. दहा वर्षांखालील मुले मोजणीच्या सत्रात टिकली नाहीत, आणि त्यांना टिकवण्याचा आग्रह कोणी धरला नाही हे योग्यच केले.

आकाश ढगाळ राहिल्यास पैसे परत मिळत नाहीत, त्याऐवजी जानेवारीतल्या सर्वसाधारण आकाशदर्शनाला विनामूल्य प्रवेश मिळतो, अशी अट होती. केवळ उल्कांसाठी येणाऱ्याला ही भरपाई पुरेशी वाटणार नाही, कारण जानेवारीत मिथुन वर्षाव नसतो. निदान अर्धी रक्कम परत देण्याचा पर्याय असावा.

पहिल्यांदाच उल्कावर्षाव पाहणाऱ्याने या शिबिराला जरूर जावे असे मी म्हणेन, कारण कसे पाहायचे आणि कसे मोजायचे हे इतक्या नीटपणे शिकवणारी जागा सहसा मिळत नाही. ज्यांना ते आधीच येते आणि ज्यांच्याकडे काळोख्या गावी राहण्याची सोय आहे, त्यांनी स्वतंत्रपणे जाऊन मध्यरात्रीनंतरचे तास साधावेत; विदर्भातल्या वाचकांना तर जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचा परिसर जवळ आहे. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला येत असल्याने १३ आणि १४ तारखेच्या रात्री चंद्र मध्यरात्रीपूर्वीच मावळलेला असेल, म्हणजे पुढचे वर्ष या वर्षापेक्षाही अनुकूल आहे. कोणत्याही शिबिरात नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : बारा ते दोन या वेळात काय ठेवले आहे, गाड्या कोठे लावणार, आणि स्वच्छतागृहातला दिवा कोणत्या रंगाचा आहे. या शिबिराच्या आयोजकांना मी वरील सूचना लेखी कळवल्या आहेत. दिवा आणि वाहनतळ यांबाबत बदल करू असे त्यांनी कळवले आहे. वेळापत्रकाविषयी अद्याप उत्तर आलेले नाही.